झेब्राफिशच्या वर्तनाचा सामायिक डेटाबेस: शब्द आधी ठरवा, सर्व्हर नंतर घ्या

तीन-चार प्रयोगशाळा एकत्र येतात, आपापले झेब्राफिश या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या माशांचे व्हिडिओ आणि मेंदूचं इमेजिंग एका जागी ठेवायचं ठरतं, आणि पहिली चौकशी होते ती सर्व्हरची. वर्षभरात त्यावर हजारो फाइली जमतात. मग कुणीतरी साधा प्रश्न विचारतं: सहा दिवसांच्या, औषध न दिलेल्या लार्व्हांचे (पिल्लांचे) उजेड-अंधाराचे सगळे प्रयोग काढून द्या. ते निघत नाहीत. एका प्रयोगशाळेने वय तासांत लिहिलंय, दुसरीने दिवसांत, तिसरीने फक्त फाइलच्या नावात. औषध न दिलेल्या गटाला कुणी 'कंट्रोल' म्हटलंय, कुणी 'पाणी', कुणी रकाना मोकळाच सोडलाय.

वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेला असा डेटा जुळवायचं काम मी करतो आणि दर वेळी याच गुंत्यात अडकतो. प्रयोगाच्या दिवशी टाकीशेजारी जे लिहिलं गेलं नाही, ते नंतर कुठलंही सॉफ्टवेअर परत आणून देत नाही. म्हणून क्रम महत्त्वाचा. खालच्या यादीत सर्व्हर सातव्या टप्प्यावर येतो, आणि तो तिथेच राहू द्या.

## टप्पा १: डेटाबेसला विचारायचे दहा प्रश्न लिहा

कागदावर, पूर्ण वाक्यांत. 'वर्तनाचा डेटा शोधता यावा' हा प्रश्न नव्हे. 'एबी जातीचे, ५ ते ७ दिवसांचे, २४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमधले, सेकंदाला किमान १०० फ्रेम असलेले व्हिडिओ दाखव' हा प्रश्न झाला. प्रत्येक प्रश्नाखाली तो सोडवायला लागणारे रकाने लिहा. दहा प्रश्नांतून साधारण तीस-चाळीस रकाने निघतात. ते सक्तीचे, बाकीचे ऐच्छिक.

सावध: 'पुढेमागे लागेल' म्हणून दोनशे रकाने सक्तीचे करू नका. लोक फॉर्म संपवण्यासाठी काहीतरी भरतात, आणि खोटी भरलेली नोंद मोकळ्या रकान्यापेक्षा जास्त नुकसान करते.

## टप्पा २: एक ओळ म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते. बहुतेक जण एक वेल म्हणजे एक ओळ धरतात, कारण ट्रॅकिंगचं सॉफ्टवेअर तसाच तक्ता देतं. तोच मासा दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासला की तक्त्यात दोन मासे दिसतात, आणि आकडेशास्त्रात नमुन्यांची संख्या न वाढवता वाढते.

पाच पातळ्या वेगळ्या ठेवा, प्रत्येकीचा तक्ता वेगळा:

१. क्लच: एका जोडीने एका वेळी घातलेली अंडी
२. मासा
३. सत्र: त्या माशाला उपकरणात ठेवलं ते एकदाचं बसणं
४. चाचणी: सत्रातला एकेक उद्दीपक, म्हणजे ठोका, सावली, हलणारे पट्टे
५. फाइल

क्लचची पातळी लोक हमखास गाळतात. एकाच जोडीची पिल्लं एकमेकांसारखी वागतात, त्यामुळे एका क्लचमधले चाळीस मासे आणि चार क्लचमधले दहा-दहा मासे यांचं वजन सारखं नसतं. क्लचची नोंद नसेल तर हा फरक पुढच्या माणसाला कधीच कळणार नाही.

ओळखक्रमांक निरर्थक ठेवा, म्हणजे नुसता अंक. माशाच्या क्रमांकात जीनोटाइप, म्हणजे त्याच्यात जीनचं कोणतं रूप आहे ते, घालायचा मोह होतो. पण दोन हेटरोझायगस (जीनची एक प्रत बदललेली, एक मूळ) पालकांच्या पिल्लांत जीनोटाइप बहुतेकदा प्रयोगानंतर पीसीआर (डीएनएची तपासणी) करून कळतो, आणि मोजणाऱ्याला तो आधी कळता कामा नये. नावातच लिहिला तर आंधळी चाचणी आंधळी राहत नाही, आणि पीसीआरचं उत्तर बदललं तर क्रमांकच खोटा ठरतो.

तपासा: एक मासा निवडा आणि त्याच्यावर झालेली सगळी सत्रं एका प्रश्नात निघतात का पाहा. निघत नसतील तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३: माशाची ओळख

वय. फलनापासूनचे तास लिहा, दिवस त्यातून आपोआप निघतात. पण नुसतं वय पुरत नाही. किमेल आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दिलेल्या वाढीच्या अवस्था २८.५ अंश सेल्सिअसला धरून आहेत. पाणी थंड असेल तर पिल्लू त्याच तासांना मागे असतं. म्हणून वाढवतानाचं तापमान सक्तीचं, आणि जमेल तिथे शरीराची लांबी मिलिमीटरमध्ये.

जात. एबी, टीयू, टीएल, डब्ल्यूआयके यांतली कोणती ते लिहा. 'वाइल्डटाइप' (जीन न बदललेला) ही जात नाही.

जीन आणि अलील (जीनचं विशिष्ट रूप). नावं झेडफिन या झेब्राफिशच्या मध्यवर्ती माहितीसाठ्यातली घ्या आणि नावासोबत तिथला ओळखक्रमांकही ठेवा. नावं बदलतात, क्रमांक टिकतो. झेब्राफिशच्या पूर्वजांत पूर्ण जीनोम एकदा जास्तीचा दुप्पट झाला, त्यामुळे पुष्कळ जीनच्या दोन प्रती आहेत आणि त्यांच्या शेवटी ए किंवा बी लागतं. शँक-३-ए आणि शँक-३-बी हे दोन वेगळे जीन आहेत. नुसतं 'शँक-३' लिहिलेली नोंद स्वीकारूच नका. जीनोमवरचं स्थान देत असाल तर जीनोमची कोणती आवृत्ती धरली, उदाहरणार्थ जीआरसीझेड-११, तेही लिहा.

जीनोटाइपची स्थिती. यासाठी वेगळा रकाना हवा: तपासून कळला, पालकांवरून गृहीत धरला, तपासला नाही, तपासणी फसली. 'भावंडं' नावाचा गट आला की थांबून विचारा, कारण त्यात वाइल्डटाइप आणि हेटरोझायगस यांची सरमिसळ असते.

रंगद्रव्य. मासा पारदर्शक असेल तर का? नेकर किंवा कॅस्पर म्युटंट आहे, की अंड्यांना पीटीयू (रंगद्रव्य रोखणारं रसायन) दिलं? पीटीयू थायरॉइडच्या कामात ढवळाढवळ करतं. चित्रात दोन्ही मासे सारखेच स्वच्छ दिसतात, म्हणून हा रकाना सक्तीचा.

लिंग. लार्व्हामध्ये पाहून कळत नाही. 'ठरवता येत नाही' हा पर्याय द्या, नाहीतर लोक अंदाज भरतात.

सावध: या नोंदी एक्सेलमध्ये उघडून जतन करू नका. दुसऱ्या प्लेटमधली ई ओळीतली तिसरी वेल म्हणजे '२ई३'. एक्सेल ती घातांकी संख्या समजून २००० करून टाकतं. सेप्ट-२ सारख्या जुन्या जीन-नावांची तारीख होते. मानवी जीनच्या बाबतीत हा त्रास इतका वाढला की नामकरण समितीने २०२० मध्ये अशी नावंच बदलली. स्प्रेडशीट वापरायचीच असेल तर भरण्याआधी सगळे रकाने 'टेक्स्ट' करा.

## टप्पा ४: प्रयोगाची परिस्थिती

घड्याळाची वेळ लिहा, पण तिच्यासोबत दिवे लागून किती तास झाले तेही लिहा. पुष्कळ ठिकाणी १४ तास उजेड आणि १० तास अंधार ठेवतात, पण दिवे लागण्याची वेळ प्रत्येकाची निराळी. सकाळी दहाचा मासा एका ठिकाणी नुकताच उठलेला असतो, दुसऱ्या ठिकाणी त्याचा दिवस निम्म्यावर आलेला असतो.

पाण्याचं तापमान उपकरणातलं घ्या, पालनखोलीतलं नव्हे. कॅमेऱ्याखालच्या दिव्याने वेलमधलं थोडंसं पाणी लवकर तापतं. उपकरणात ठेवल्यावर किती मिनिटं स्थिरावू दिलं, वेलमध्ये किती पाणी होतं, मासा त्याआधी कधी खाल्लेला होता, हे तिन्ही लिहा. औषध डीएमएसओ या द्रावकात विरघळवलं असेल तर कंट्रोल गटालाही तितकंच डीएमएसओ दिलं होतं का, हा हो-नाहीचा स्वतंत्र रकाना ठेवा.

उजेडाबद्दल एक आग्रह. 'लक्स' हे एकक माणसाच्या डोळ्यासाठी आहे. झेब्राफिशच्या डोळ्यात अतिनील प्रकाश टिपणाऱ्या शंकूपेशीही असतात, त्यामुळे लक्समध्ये सारखे दिसणारे दोन दिवे माशाला सारखे दिसतीलच असं नाही. दिव्याचा प्रकार आणि मिळाला तर तरंगलांबीचा आलेख जोडा.

तपासा: मोकळा रकाना, शून्य, 'मोजलं नाही' आणि 'लागू नाही' या चार वेगळ्या गोष्टी आहेत. चौघांनाही डेटाबेसमध्ये स्वतंत्र जागा द्या. ९९९ किंवा उणे एक असे गुप्त आकडे वापरू नका, कुणीतरी त्यांची सरासरी काढतं.

## टप्पा ५: वर्तनाचे शब्द आणि मोजमाप

इथे घाई करू नका. बाकीच्या सगळ्या टप्प्यांना मिळून जितका वेळ द्याल तितका या एकट्याला द्या.

'मासा गोठला' असं दोघे लिहितात तेव्हा दोघांना एकच गोष्ट म्हणायची असते असं नाही. एकासाठी दोन सेकंद न हलणं म्हणजे गोठणं, दुसऱ्यासाठी दहा. शिवाय लार्व्हा मुळातच थांबत थांबत पोहतो: एक छोटा झटका, मग विश्रांती, पुन्हा झटका. प्रौढ माशासाठी केलेली व्याख्या त्याला लावली तर तो दिवसभर गोठलेलाच निघेल. २०१३ मध्ये कालुएफ आणि सहकाऱ्यांनी झेब्राफिशच्या वर्तनांची सविस्तर सूची प्रसिद्ध केली. शब्दयादीची सुरुवात तिथून करा, नवे शब्द नाइलाज झाला तरच घाला. आणि प्रत्येक शब्दासोबत चार गोष्टी साठवा: व्याख्या, वेगाची किंवा वेळेची मर्यादा, कोणत्या वयाला लागू, आणि ती मोजणाऱ्या कोडची आवृत्ती.

मर्यादा का लिहायची, ते एका हिशेबात दिसतं. मासा अगदी स्थिर आहे, पण ट्रॅकर त्याचं केंद्र दर फ्रेमला ०.१ मिलिमीटर इकडेतिकडे दाखवतो. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे सेकंदाला ३ मिलिमीटर, तासाला १०.८ मीटर. मासा जागचा हललेला नाही आणि तक्त्यात तो जवळजवळ अकरा मीटर पोहलाय. फ्रेम दुप्पट केल्या आणि थरथर तेवढीच राहिली तर अंतरही दुप्पट. म्हणून 'एकूण अंतर' हा आकडा मर्यादेशिवाय आणि फ्रेमदराशिवाय स्वीकारू नका.

फ्रेमदराने प्रश्नच बदलतो. ठोक्याने दचकलेला लार्व्हा इंग्रजी सी अक्षरासारखा वळतो. मेंदूतल्या माउथनर पेशीमार्फत होणारा झटपट प्रकार काही मिलिसेकंदांत सुरू होतो, उशिराचा प्रकार त्यानंतर दहा-वीस किंवा जास्त मिलिसेकंदांनी. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेममधलं अंतरच ३३ मिलिसेकंद असतं, त्यामुळे त्यात हे दोन प्रकार वेगळे करता येत नाहीत. डेटाबेसने अशा व्हिडिओवर 'झटपट प्रकार' हे लेबल लावूच देऊ नये. हा नियम कोडमध्ये लिहा, लोकांच्या लक्षात राहण्यावर सोडू नका.

आता डावं-उजवं. दोन ठिकाणचा वळण्याचा डेटा मी एकदा एकत्र केला आणि माशांचा कल नाहीसा झाला, सरासरी शून्याला टेकली. तीन आठवडे आम्ही आकडेशास्त्र तपासत बसलो. शेवटी उपकरणाचा फोटो मागवला तेव्हा कळलं की एका ठिकाणी कॅमेरा माशाच्या वर होता आणि दुसऱ्या ठिकाणी काचेच्या खाली. खालून पाहिलं की डावं ते उजवं होतं. भरीला, प्रतिमेत उभा अक्ष वरून खाली मोजतात, त्यामुळे कोनाचं चिन्हही गणिताच्या पुस्तकापेक्षा उलटं येतं. त्या दोन गटांत खरा कल होता, आम्ही तो एकमेकांतून वजा केला होता.

यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे. पारदर्शक पट्टीवर 'क' अक्षर आणि शेजारी दहा मिलिमीटरची रेघ काढा. पट्टी अक्षर वरून सरळ वाचता येईल अशी उपकरणात ठेवा आणि एक फ्रेम घ्या. 'क' सरळ दिसला तर कॅमेरा वर, आरशातल्यासारखा दिसला तर खाली, किंवा सॉफ्टवेअर प्रतिमा उलटवतंय. त्याच फ्रेममधून पिक्सेलचे मिलिमीटर होतात. ही फ्रेम प्रत्येक सत्रासोबत सक्तीने मागा.

तपासा: माशांच्या खालून डावीकडे सरकणारे पट्टे दाखवा. लार्व्हा पट्ट्यांच्या दिशेने वळतात. तक्त्यात ते उलटे वळताना दिसले तर चिन्ह चुकलंय.

सावध: लेबल ठेवून मूळ मार्ग फेकू नका. दर फ्रेमचे स्थानांक जागा फार खात नाहीत, आणि उद्या व्याख्या बदलली तर त्यांच्यावरून सगळं पुन्हा मोजता येतं.

## टप्पा ६: मेंदूचा डेटा

यासाठी नवा फॉरमॅट बनवू नका. न्यूरोडेटा विदाउट बॉर्डर्स, म्हणजे एनडब्ल्यूबी, हा एचडीएफ-५ या फाइल-रचनेवर आधारलेला फॉरमॅट वर्तन आणि पेशींची हालचाल एकाच फाइलमध्ये एकाच घड्याळावर ठेवतो. वेगवेगळ्या फाइली जुळवण्यात जो वेळ जातो, तो बराचसा या एका निर्णयाने वाचतो.

सूक्ष्मदर्शक आणि कॅमेरा यांची घड्याळं प्रयोगाच्या वेळीच जोडा. दोन्हीकडे नोंदला जाणारा एक विद्युत-संकेत पुरतो. फाइल जतन झाल्याच्या वेळेवरून जुळवणी करू नका, ती वेळ डिस्कची असते.

जीकॅम्प, म्हणजे पेशी सक्रिय झाली की उजळणारं प्रथिन, त्याची आवृत्ती लिहा, ते फक्त केंद्रकात आहे की पूर्ण पेशीत तेही. तेजातला बदल कोणत्या पायारेषेवरून काढला ते सूत्रासकट लिहा. लाइट-शीट (प्रकाशाच्या पातळ थराने पाहणारा सूक्ष्मदर्शक) वापरत असाल तर निळा लेझर डोळ्यांवर पडत होता की डोळे वगळले होते, याची नोंद हवीच, कारण तो माशाला दिसतो.

मेंदूतलं स्थान द्यायचं तर ॲटलासचं (मेंदूच्या नकाशाचं) नाव आणि आवृत्ती द्या. झेड-ब्रेन आणि मॅपझेब्रेन हे दोन्ही सहा दिवसांच्या लार्व्हावर उभे आहेत, पण त्यांचे स्थानांक एकमेकांत जसेच्या तसे चालत नाहीत. मूळ प्रतिमेचे स्थानांक, ॲटलासमधले स्थानांक आणि एकातून दुसऱ्यात नेणारी रूपांतराची फाइल, तिन्ही ठेवा. नुसतं 'टेक्टम' असं मेंदूच्या भागाचं नाव लिहिलेलं नंतर उलगडता येत नाही.

## टप्पा ७: आता साठवण

माहितीचे तक्ते पोस्टग्रेससारख्या रिलेशनल डेटाबेसमध्ये, मोठ्या फाइली त्याबाहेर. व्हिडिओ तक्त्यात कोंबू नका, तक्त्यात फक्त पत्ता, आकार आणि शा-२५६ चेकसम (फाइल बदलली का ते सांगणारा आकडा) ठेवा.

जागेचा हिशेब आधी करा. १०२४ गुणिले १०२४ पिक्सेलचा एकरंगी व्हिडिओ, सेकंदाला ५०० फ्रेम, कॉम्प्रेस न केलेला: सेकंदाला ५०० एमबीच्या वर, तासाला जवळपास १.९ टीबी. सगळं ठेवणं शक्य नसेल तर काय ठेवायचं आणि काय जाऊ द्यायचं ते लिहून ठरवा. कॉम्प्रेशनने बारीक शेपटी पुसट होते, म्हणून कॉम्प्रेस केलेल्या व्हिडिओवर ट्रॅकिंग पुन्हा चालवून मूळ निकालाशी ताडून पाहा, आणि मगच मूळ फाइल पुसा.

मेंदूच्या फाइली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्यापेक्षा डँडी अर्काइव्ह या मेंदू-डेटाच्या साठ्यासारख्या तयार ठिकाणी ठेवून तिथला डीओआय (कायमचा ओळखक्रमांक) तक्त्यात नोंदवणं बऱ्याच गटांना परवडतं. तुमचा डेटाबेस मग शोधण्याचं काम करतो, वजन दुसरं कुणी उचलतं.

## टप्पा ८: दारावरची तपासणी

अपलोड होतानाच तीन उत्तरं द्या: स्वीकारलं, शंका आहे, नाकारलं. एकक नसलेला आकडा, शब्दयादीबाहेरचा शब्द, 'क'ची फ्रेम नसलेलं सत्र यांना सरळ नकार द्या. ३४ अंश तापमान किंवा सेकंदाला ५०० मिलिमीटर वेगाचा लार्व्हा आला तर शंका उपस्थित करा आणि माणसाकडे पाठवा. नाकारताना कारण पूर्ण वाक्यात लिहा. 'त्रुटी ४२' वाचून कुणी फॉर्म सुधारत नाही, तो फॉर्म बंद करतो.

हा माणूस आधीच नेमा, त्याचे तास ठरवा. नोंदी तपासणारं कुणी नसलेला डेटाबेस काही महिन्यांत कुणीच वापरत नाही.

## टप्पा ९: परवाना आणि मंजुरी

पहिला डेटा येण्याआधी ठरवा, नंतर सगळ्यांच्या सह्या गोळा होत नाहीत. सीसी-झीरो (कुठलीही अट नाही) किंवा सीसी-बाय (श्रेय द्यायची अट) या खुल्या परवान्यांतलं एक निवडा. लेख प्रसिद्ध होईपर्यंत डेटा झाकून ठेवायची मुभा द्या, पण तिला शेवटची तारीख असू द्या. देणाऱ्याचा ऑर्किड, म्हणजे संशोधकाचा ओळखक्रमांक, घ्या. प्राणी-प्रयोगाच्या मंजुरीचा क्रमांकही घ्या. युरोपीय संघात २०१० च्या निर्देशानुसार लार्व्हा स्वतंत्रपणे खाऊ लागला की त्याला संरक्षण लागू होतं, आणि व्यवहारात ते १२० तासांपासून धरतात. इतर देशांत नियम वेगळे असतात, म्हणून कोणत्या नियमाखाली मंजुरी आहे तो रकाना ठेवा.

## टप्पा १०: दोन प्रयोगशाळा, एक प्रयोग

सगळ्यांना दार उघडण्याआधी दोनच ठिकाणी एकच साधा प्रयोग करा, उदाहरणार्थ उजेड-अंधार, प्रत्येकी तीन क्लच. दोन्हीकडचा डेटा अपलोड करा. मग प्रयोगात नसलेल्या तिसऱ्या माणसाला फक्त डेटाबेस द्या आणि सांगा: आलेख काढ, कुणालाही फोन करायचा नाही. त्याला जे जे विचारावंसं वाटेल ते कागदावर लिहू द्या. त्या कागदावरची प्रत्येक ओळ म्हणजे एक हरवलेला रकाना. रकाने सुधारा आणि आणखी एका नवख्या माणसाकडून पुन्हा करून घ्या. कागद कोरा परत येईपर्यंत डेटाबेस कुणालाही उघडा करू नका.

त्यानंतर आवृत्त्या. नोंद दुरुस्त केली तर जुनी पुसू नका, नवी आवृत्ती द्या आणि कारण लिहा. ठरावीक मुदतीने पूर्ण डेटाबेसची प्रत साध्या मजकुराच्या तक्त्यांत काढून झेनोडोसारख्या साठ्यात ठेवा, म्हणजे तिला डीओआय मिळतो आणि अनुदान संपून सर्व्हर बंद पडला तरी ती वाचता येते.

शेवटची तपासणी: ती प्रत दुसऱ्या संगणकावर उतरवा, इंटरनेट बंद करा, आणि पहिल्या टप्प्यातले दहा प्रश्न तिच्यावर चालवून पाहा.